क्ष म्हणजे गाडीतली माणसं

बाबांना बेटावर न्यायच्या गाडीत निदान तीन माणसं बसलीच पाहिजेत आणि तिनाच्या वर कितीही चालतील, असं पहिलं उत्तर आलं. ते एल्मारने काढलं होतं. एल्मारला शाळेत गणितात कायम पाचपैकी पाच मिळत, आणि आमच्याकडे माणूस सत्तरीला आला तरी त्याचे शाळेतले गुण कोणी विसरत नाही. म्हणून कोणी शंका काढली नाही. गाणारी मंडळी टोप्या सावरत एकेक करून शववाहिकेत चढू लागली.

पण असं मधूनच सांगितलेलं बाबांना आवडलं नसतं. आधी दिलेली माहिती लिहायची, असं त्यांचं म्हणणं असे.

काडाका हे आमचं बेट एस्टोनियाच्या पश्चिम किनाऱ्यापासून दहा किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात फेरीबोट असते. हिवाळ्यात समुद्र गोठला की रस्ते खात्याची माणसं बर्फात जुनिपर झुडपाच्या फांद्या रोवून रस्ता आखतात आणि आम्ही गाड्या घेऊन समुद्रावरून ये-जा करतो. मधले काही आठवडे बर्फ बोटीसाठी फार जाड आणि गाडीसाठी फार पातळ असतं. तेव्हा जो जिथे असेल तो तिथेच राहतो.

बाबा बेटावरच्या शाळेत गणित शिकवायचे. सगळे त्यांना हेल्दुर मास्तर म्हणत. बरोबरचं चिन्ह त्यांना फारसं आवडत नसे. आपल्याकडे नेमकं बरोबर असं काय असतं, असं ते वर्गाला विचारायचे. होडीला जास्तीत जास्त चारशे किलो झेपतात. जाळ्याचं भोक दोन बोटांपेक्षा लहान चालत नाही. बर्फ वीतभर तरी हवं. म्हणून आठवीत असमानता आल्या की बाबा खुलायचे. रोजच्या बोलण्यातलं वाक्य घ्यायचं, त्यातलं जे माहीत नाही त्याला क्ष म्हणायचं आणि वाक्य चिन्हांत मांडायचं. चिन्ह कुठल्या बाजूला उघडतं हे पोरांच्या लक्षात राहावं म्हणून ते त्याला पाइक म्हणत. पाइक हा आमच्या खाडीतला दातेरी मासा. तो तोंड उघडतो ते मोठ्या घासाकडे. आणि असमानतेला ऋण संख्येने भागलं की पाण्याची धार उलटी फिरते, मग पाइकानेही वळायचं.

गणितांतली माणसं मात्र ते खरी घ्यायचे. एल्मार आठवीत होता तेव्हा फळ्यावर एक गणित होतं: एल्मार एका जेवणात जास्तीत जास्त नऊ बटाटे खातो. त्या दिवसापासून बेटावरच्या प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मयताच्या जेवणात कोणी ना कोणी एल्मारचे बटाटे मोजत आलं आहे. दहावा बटाटा त्याने आजवर घेतलेला नाही. घेऊ शकतो का, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "मास्तरांनी लिहिलंय ना."

बाबांचा एकच नियम कडक होता. पहिल्या ओळीत 'क्ष म्हणजे' काय ते लिहायचं. ते लिहिलं नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही शून्य. ही शून्यं सर्वांत जास्त खाल्ली उर्मासने. तो माझ्याच वर्गातला. त्याचं उत्तर नेहमी बरोबर यायचं, पण कशाचं उत्तर ते तो सांगायचा नाही.

घरीही तेच. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, लवकर या. बाबा विचारायचे, लवकर म्हणजे कशाच्या आत? आई म्हणायची, सूप गार व्हायच्या आत. एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं, कारण सूप मोजता येतं. मी कादंबरी वाचत बसले असले की ते मागून दोन पानं वाचायचे आणि 'माहिती अपुरी आहे' असं म्हणून पुढे जायचे. मी पुढे पुस्तकांवरच पोट भरायला राजधानीत, तालिनला गेले. तेही त्यांनी अपुऱ्या माहितीतच धरलं असावं.

शेवटी ते किनाऱ्यावरच्या शहरातल्या इस्पितळात होते. किती दिवस, असं त्यांनी डॉक्टरांना स्वतःच विचारलं. डॉक्टर म्हणाले, निदान एक महिना, जास्तीत जास्त तीन. बाबा खूश झाले. एवढं नीट मांडलेलं गणित पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं, असं मला म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात ते गेले. त्यांनी डॉक्टरांना ते पुन्हा सोडवायला लावलं असतं.

आता राहिली बेटाची रीत. काडाकाचं माणूस कुठेही मेलं तरी त्याला पाण्यावरून गात घरी आणतात, आणि पाणी ओलांडेपर्यंत पेटीशेजारी रक्ताच्या माणसाने बसायचं असतं. आईला आणलं तेव्हा उन्हाळा होता. बोटीच्या डेकवर पेटी, भोवती गाणारी मंडळी, एका बाजूला बाबा आणि दुसऱ्या बाजूला मी. बाबांचा हात पूर्ण वेळ पेटीच्या झाकणावर होता. ते गात नव्हते. कडवी मोजत होते, हे मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं.

आता बाबांचं रक्ताचं माणूस म्हणजे मी एकटी. आईशेजारी खड्डा तयार होता, त्यासाठी गावातल्यांनी दिवसभर निखारे टाकून जमीन मऊ केली होती. आणि मार्च होता. वारा दक्षिणेकडून सुटला होता, रस्ता उद्यापासून बंद होणार असं रेडिओवर सांगत होते. आज पलीकडे गेलो नाही तर बाबा बोट सुरू होईपर्यंत शहरातल्या शीतगृहात राहणार होते, नाहीतर अनोळखी दफनभूमीत जाणार होते.

शहरातून मी शववाहिकेतच आले. गाडी चालवत होता वाम्बोला, एका अंत्यसंस्कार कंपनीचा माणूस. पन्नाशीचा, रुंद, राय धान्याच्या पावाच्या लादीसारखा. तो आतल्या मुलखातला होता. समुद्र त्याने पाहिला होता, पण समुद्रावर गाडी घालायची हे त्याला किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत नीटसं कळलेलं नव्हतं.

बर्फावरचा रस्ता सुरू होतो तिथल्या फाटकापाशी बेटावरची मंडळी वाट पाहत उभी होती. चार गाड्या, आठ जण. गाण्याचं बघणाऱ्या विर्वेमावशी पुढे, खालच्या पट्टीत गाणारा एल्मार मागे, आणि एकाच्या हातात बटाट्याच्या कोशिंबिरीचं पातेलं, कारण ते ठेवायला गाडीत जागा नव्हती. विर्वेमावशींनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, "जेवलीस का पोरी?" मग आम्ही सगळे बर्फाकडे तोंड करून उभे राहिलो.

फाटकाशेजारच्या खोपटातून उर्मास बाहेर आला. तो आता रस्ते खात्यात आहे, फाटक त्याच्या ताब्यात असतं. त्याने टोपी काढली, गाडीच्या काचेतून पेटीकडे पाहून मान खाली केली, टोपी पुन्हा घातली आणि खोपटावरची पाटी वाचून दाखवली, जरी ती आम्हा सर्वांना पाठ होती. गाडीचं एकूण वजन आज सकाळपासून जास्तीत जास्त दोन हजार किलो. माणूस कसाही असो, ऐंशी किलो धरायचा. बर्फ फुटलं तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून कोणी पट्टा बांधायचा नाही. दोन गाड्यांत निदान अडीचशे मीटर अंतर. बर्फावर थांबायचं नाही. वेग पंचवीसपेक्षा कमी, नाहीतर चाळीस ते सत्तर. त्यामधला चालत नाही, कारण तेवढ्याच वेगाने बर्फाखालून पाण्याची लाट धावते आणि गाडी तिच्याबरोबर धावली की बर्फ उचकटतं.

वाम्बोलाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्यांच्या कंपनीचा नियम तीसचा आहे. मयताची गाडी तीसने न्यायची. त्याहून कमी म्हणजे रखडपट्टी, त्याहून जास्त म्हणजे अपमान.

"तीस सोडून काहीही," उर्मास म्हणाला.

वजनाचा प्रश्न एल्मारने हातात घेतला. गाडी कागदावर सतराशे वीस किलोची होती. पेटी साठची, असं वाम्बोलाने सांगितलं. शववाहिकेच्या काळ्या पत्र्यावर पातळ हिम साचलं होतं. एल्मारने हातमोजा काढून बोटाने त्यावर लिहायला सुरुवात केली. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो, जसे कधीकाळी फळ्याभोवती असू. दोन हजारांतून गाडी गेली, पेटी गेली, उरले दोनशे वीस. त्यातून माणसांचे ऐंशी क्ष वजा करून जे राहील ते शून्याच्या खाली जायला नको. दोनशे वीस पलीकडे नेले. उणे ऐंशी क्ष हे उणे दोनशे विसांपेक्षा लहान नाही. उणे ऐंशीने भागलं. क्ष हा पावणेतीनपेक्षा लहान नाही. माणूस पाऊण बसत नाही, म्हणून निदान तीन.

"आणि वर किती?" विर्वेमावशींनी विचारलं.

एल्मारने आपलं लिखाण पुन्हा पाहिलं. "वर काही नाही. वर मोकळं आहे."

हे सर्वांना बरंच वाटलं. अडीचशे मीटरांवरून कसं गायचं या चिंतेत सगळे होते. उत्तर मनाला पटो न पटो, पायऱ्या बरोबर असतील तर ते मान्य करायचं, ही बाबांचीच शिकवण. मंडळी चढू लागली. विर्वेमावशी पेटीच्या उशाशी, दोघं पायथ्याशी, कोशिंबिरीचं पातेलं कोणाच्या तरी मांडीवर. गाडीचा मागचा भाग हळूहळू खाली बसत गेला. सहावा माणूस आत गेला तेव्हा चिखलरोधक चाकाला घासला. वाम्बोला दाराशी उभा राहून प्रत्येकाला हात देत होता. त्याला वाटलं असावं की बेटावर असंच करतात.

उर्मासने गाडीला एक फेरी मारली, पत्र्यावरचं वाचलं आणि म्हणाला, "एल्मार, ऋणानं भागलंस."

आतून सगळे एका सुरात म्हणाले, "पाइक वळला नाही."

मग ते एकापाठोपाठ एक, अगदी गुपचूप, खाली उतरले. एल्मारने बाहीने चिन्ह पुसून उलटं काढलं. सत्तर वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला होता.

आता उत्तर जास्तीत जास्त दोन असं झालं. पावणेतीनमधली पाऊण सोडून द्यायची. वाम्बोला एक आणि मी दुसरी. विर्वेमावशींनी माझ्या पाठीवर थोपटलं.

"क्ष म्हणजे काय?" उर्मासने विचारलं.

"म्हणजे?" एल्मार म्हणाला.

"पहिली ओळ कुठंय? क्ष म्हणजे काय?"

"क्ष म्हणजे गाडीतली माणसं. एवढं कळत नाही होय रे तुला?"

"मला कळतं. म्हणून विचारतोय. गाडी धरलीस, पेटी धरलीस. मास्तरांना कुठे धरलंस?"

आम्ही बाबांना धरायला विसरलो होतो. त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच अंत्ययात्रेचं गणित मांडताना, आम्हा दहा जणांपैकी एकालाही ते आठवले नव्हते. एकाने टोपी काढली, मग सर्वांनी काढल्या. वाम्बोलाच्या डोक्यावर टोपी नव्हती, त्याने हातमोजे काढले.

उर्मासला मी ओळखते. तो मुद्दाम अडवत नव्हता. त्याने खोपटातून नियमांचा कागद आणून दोन्ही कलमं आम्हाला वाचून दाखवली. बर्फावर फक्त दोन गोष्टी जातात, माणूस किंवा माल. माल असेल तर त्याचं खरं वजन करायचं आणि तो पट्ट्यांनी घट्ट बांधायचा. माणूस असेल तर ऐंशी धरायचे आणि काहीही बांधायचं नाही. तिसरं कलम नव्हतं. मास्तर कशात बसतात ते घरच्यांनी सांगायचं.

एल्मारला लगेच पुढचं दिसलं. मासळी खरेदीच्या शेडमध्ये मोठा काटा आहे, तो म्हणाला. मास्तर आजारात बारीक झाले असतील. दोनशे विसांतून दोन माणसांचे एकशे साठ गेले की साठ उरतात. ते जास्तीत जास्त साठ भरले तर काइयेला शेजारी बसता येईल.

काइये म्हणजे मी. मला बाबांचं वजन माहीत होतं. इस्पितळातल्या परिचारिकेने शेवटचं केलं तेव्हा सत्तावन्न भरलं होतं. बाबांनी तेव्हा तिला विचारलं होतं की कपड्यांसकट की कपड्यांशिवाय. उत्तर माझ्याकडे होतं. एवढंच सांगायचं होतं, माल. मग काटा, पावती, पट्टे, आणि पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत मी त्यांच्या शेजारी.

शेडचं दार उघडं होतं. काट्याच्या थाळीवर कोणीतरी खारवलेल्या मासळीचं रिकामं पिंप ठेवलं होतं.

"बाबा माणूस आहेत," मी म्हणाले.

उर्मासने मान हलवली, जणू याच ओळीची तो वाट पाहत होता. "मग क्षमध्ये तेही आले. दोघांत एक ते. जिवंत एकच."

एक म्हणजे वाम्बोला. गाडी त्याची. मी मागच्या कुठल्यातरी गाडीत, बाबांपासून निदान अडीचशे मीटरांवर, आणि बाबा समुद्रावर एका परक्या माणसाबरोबर.

मंडळी कामाला लागली. हे सांगायला हवं, कारण नंतर बेटावर लोक याला हसतात आणि त्या हसणाऱ्यांत ही मंडळीही असतात. तिघांना धरलं तर दोन हजार वीस होत होते. वीस किलो जास्त. एकाने मागचं जादा चाक सोडवून आणलं. उर्मास म्हणाला, गाडीचं वजन कागदावरचं धरायचं आणि कागदावर चाक आहे. मग एल्मार पुन्हा पत्र्याकडे वळला. त्याने पेटीचे साठ खोडले.

"पेटी माझ्या गाडीच्या टपावर टाकू," तो म्हणाला. "एकोणीसशे साठ होतात. तिघंही बसतात."

"आणि मास्तर?" विर्वेमावशींनी विचारलं.

"मास्तर पुढच्या सीटवर."

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. उर्मासने मनात बेरीज केली आणि नाइलाजाने म्हणाला की असं केलं तर त्याला फाटक उघडावंच लागेल. पायऱ्या बरोबर होत्या. विर्वेमावशी हळूच म्हणाल्या की मास्तरांना पुढे बसायला आवडायचंही, खिडकीशी. वाम्बोलाने घसा साफ केला. त्या दुपारी अंत्यसंस्कार कंपनीचा माणूस म्हणून त्याने दिलेला तो एकमेव सल्ला.

"आता वाकत नाहीत ते," तो म्हणाला.

मी पत्र्याजवळ गेले. हिमावर एल्मारची तीन गणितं होती, एकाखाली एक. तिन्हींत पहिला माणूस म्हणून ड्रायव्हर धरलेला होता आणि तो धरला आहे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. जे दिलेलं नाही ते धरून चालायचं नाही, असं बाबा लाल शाईने लिहायचे. एल्मारच्या वहीत त्यांना ते कधी लिहावं लागलं नसेल. माझ्या वहीत दर आठवड्याला असे.

"ड्रायव्हर निराळा हवा असं कुठे दिलंय?" मी विचारलं. "मी चालवते."

सगळे वाम्बोलाकडे वळले. गाडी कंपनीची आहे, तो म्हणाला. दुसरा गियर अडतो. शिवाय विमा. मग मला विचारलं, "तालिनला कोणती गाडी चालवता बाई?"

"ट्राममध्ये बसते."

एल्मार खोकला. विर्वेमावशींनी तोंडापुढे हातमोजा धरला.

"मग चालवायला शिकवलं कोणी?"

मी पेटीकडे बोट दाखवलं, मग बर्फाकडे. बाबांनी मला इथेच शिकवलं होतं. दहा किलोमीटरांत धडकायला काही नाही, म्हणून शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही, असं त्यांचं मत होतं. शेजारी बसून ते गाडीच्या काट्याकडे पाहत आणि पंचवीस जवळ आले की गुडघ्यावर बोटाने टकटक करत.

वाम्बोलाने बर्फाकडे पाहिलं. दक्षिण वाऱ्याने वरचं पाणी सुटलं होतं आणि रस्ता तळ्यासारखा चमकत होता. मग त्याने किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "खरं सांगू का बाई, मला तिकडे जायचंच नव्हतं." तो उर्मासच्या खोपटात गेला. थोड्या वेळाने खिडकीतून दिसलं, कोशिंबिरीचं पातेलं त्याच्याकडे पोहोचलं होतं.

"पट्टे सोड," उर्मास म्हणाला.

"कोणाचे?"

"दोघांचे."

मी मागच्या दाराने आत शिरले. पेटी चार पट्ट्यांनी बांधलेली होती. बक्कलं गार होती, दोन पटकन सुटली, दोन सुटेनात. उर्मास आत यायला निघाला होता, पण थांबला. मी हातमोजे काढले. शेवटचा पट्टा निघाला तेव्हा पेटी किंचित हलली, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाइतकी. मागचं दार आम्ही नुसतं लोटून ठेवलं.

एवढ्यात उर्मासने सूर्याकडे पाहिलं. आमच्या गणितांत दुपार संपली होती. सूर्य मावळला की रस्ता बंद होतो, आणि मावळायला पंचवीस मिनिटं होती. पहिली गाडी तोवर पलीकडे उतरली तर मागच्यांसाठी तिकडचं फाटक थांबतं. नाहीतर सर्वांनी घरी जायचं, आणि घर कुठलं हाच तर प्रश्न होता. दहा किलोमीटर, पंचवीस मिनिटं. एल्मारच्या ओठांची हालचाल झाली. चोवीसपेक्षा कमी चालणार नाही.

जोरात जायचं तर चाळीसच्या वर जायला हवं, आणि चाळीसला पोहोचताना तीस लागतंच. लोक किनाऱ्यावरूनच धाव घेऊन बर्फावर शिरतात. पण पट्टे सोडलेले होते. मी तशी धाव घेतली असती तर बाबा फाटकापाशीच मागच्या दाराने उतरले असते.

"म्हणजे चोवीसपेक्षा कमी नाही," उर्मास म्हणाला, "आणि पंचवीसपेक्षा कमी."

"जागा आहे," एल्मार म्हणाला. "थोडी आहे, पण आहे."

फाटक वर गेलं. मी दुसऱ्या गियरला शिव्या न देता समजावलं आणि गाडी बर्फावर उतरली. चाकांखाली पाणी दोन्ही बाजूंना उडत होतं. काटा वीसवर आला, बाविसावर आला, चोविसाच्या थोडा वर गेला आणि तिथे मी त्याला धरलं. आरशात विर्वेमावशींची गाडी अडीचशे मीटर मागे फाटकातून निघाली, मग तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. एल्मार सर्वांत शेवटी, ठिपक्याएवढा.

सर्वांच्या काचा खाली होत्या. विर्वेमावशींनी पहिलं कडवं उचललं. ते ऐकून मागच्या गाडीने उचललं, ते ऐकून तिच्या मागच्या गाडीने. एल्मारपर्यंत गाणं पोहोचेतो मावशी दुसऱ्या ओळीवर असायच्या. बोटीवर जे गाणं एका ठिकाणी उभं राहून ऐकलं होतं ते आता जवळजवळ किलोमीटरभर लांब पसरलं होतं. वारा वळला की मधल्या गाडीचा एखादाच शब्द यायचा, तोही भलत्याच जागी. कधी चारही गाड्यांतलं गाणं एकदम थांबल्यासारखं वाटे आणि फक्त बर्फ ऐकू येई, दूरवर, दार करकरावं तसं.

जुनिपरच्या फांद्या एकेक करून मागे जात होत्या. काट्याकडे नाही, फांद्यांकडे बघ, असं बाबा सांगायचे. काट्याकडे ते बघायचे. आता दोन्हीकडे मलाच बघायला लागत होतं. मध्यावर रस्त्याला एक भेग होती, तिच्यावर फळ्या टाकलेल्या होत्या. तिथे वेग धरून ठेवायला जमलं नाही. काटा पंचविसाला टेकला. मी पाय उचलला, आणि पेटी मागून हळूच सरकत आली आणि माझ्या सीटच्या पाठीला लागली. एकदाच, ठक.

मी चोवीसवर आले. मग एक हात मागे नेला. पेटी आता एवढी जवळ होती की झाकणाची कड हाताला लागत होती. बाकीचा रस्ता मी एका हाताने चालवला. थंडीने बोटं सुन्न झाली होती, तरी माझ्या लक्षात आलं की ती कडवी मोजताहेत. मावशींची मोजायची की एल्मारची, हे मला ठरवता येत नव्हतं, म्हणून दोन्ही मोजली.

सूर्याचा खालचा काठ बर्फाला लागला तेव्हा पुढची चाकं काडाकाच्या वाळूवर चढली. तिकडच्या फाटकावर लेइदा होती. पोस्ट बंद झाल्यापासून ती हे काम करते. ती बूट ओढत गाडीपाशी आली आणि खिडकीत वाकली. तिचे डोळे रडून सुजलेले होते, पण कामात ती कधी फरक पडू देत नाही.

"गाडीत माणसं किती?"

"दोन," मी म्हणाले.

तिने मागे पाहिलं, पेटीकडे, माझ्या हाताकडे. मग मागच्या बर्फाकडे, जिथून विर्वेमावशी शेवटचं कडवं गात येत होत्या आणि त्यांच्या पाऊण किलोमीटर मागे कोणीतरी अजून आधीच्या ओळीवर होतं.

"मग दोघंही थोडं पुढे सरका," लेइदा म्हणाली. "एल्मारला यायला जागा हवी."